द डॅनियल प्लॅन: मराठी मंडळीने काय घ्यावे, काय सोडावे

कॅलिफोर्नियातल्या लेक फॉरेस्ट इथल्या सॅडलबॅक चर्चमध्ये जानेवारी २०११ मध्ये 'द डॅनियल प्लॅन' सुरू झाला. पाळक रिक वॉरन यांनी एका दिवसात आठशेहून अधिक लोकांना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला. एकेकाला झुकवून वर उचलताना मंडळीची तब्येत कशी झाली आहे हे त्यांच्या हातांनाच कळले, आणि आपले स्वतःचे वजनही त्यातच मोडते हेही. मग मार्क हायमन, डॅनियल एमेन आणि मेहमेत ऑझ या तीन डॉक्टरांना बरोबर घेऊन त्यांनी उपक्रम आखला. पहिल्या वर्षात १५,००० लोकांनी नावे नोंदवली आणि सगळ्यांनी मिळून अडीच लाख पौंड, म्हणजे सुमारे १,१३,००० किलो वजन उतरवले, असे चर्च सांगते. माणशी हिशेब साडेसात किलोचा पडतो. आकडे चर्चने स्वतः गोळा केलेले आहेत. किती जण अर्ध्यात थांबले आणि वर्षा-दोन वर्षांनी किती वजन परत आले, हे त्यांतून दिसत नाही. म्हणून ते साक्ष म्हणून ऐकावेत, वैद्यकीय पुरावा म्हणून पुढे करू नयेत.

२०१३ मध्ये याचे पुस्तक आले, आणि त्याबरोबर लहान गटांसाठी ६ सत्रांचा व्हिडिओ अभ्यास. विश्वास, आहार, व्यायाम, मन आणि सोबती असे पाच आधारस्तंभ, आणि सहावे सत्र हे सगळे टिकवण्यासाठी. परीक्षण या अभ्यासाचे आहे, आणि ते महाराष्ट्रातल्या एखाद्या चर्चमध्ये, महिला मंडळात किंवा वस्तीतल्या छोट्या ख्रिस्ती समूहात तो चालवायचा विचार असलेल्यांसाठी आहे. मत आधीच सांगतो. यातले ताट घ्या, गट घ्या. १० दिवसांचे डिटॉक्स आणि पूरक गोळ्यांचा भाग बाजूला ठेवा. मनाचे सत्र आहे तसे चालवू नका, त्यात भर घाला. पाचपैकी साडेतीन तारे, आणि ते मुख्यतः पाचव्या आधारस्तंभासाठी.

पहिले सत्र विश्वासाचे. १ करिंथ ६ मधला उतारा, शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आणि तुम्ही स्वतःचे मालक नाही, हा पाया बरोबर आहे. नावाला आधार असलेला दानीएलाचा पहिला अध्याय मात्र गटात नीट वाचून घ्यावा. दानीएल आणि त्याचे तीन मित्र राजाच्या ताटातले अन्न आणि द्राक्षारस नाकारतात ते विटाळ नको म्हणून, बारीक व्हायचे म्हणून नव्हे. १० दिवस भाजीपाला आणि पाणी घेतल्यावर ते राजाचे अन्न खाणाऱ्या तरुणांपेक्षा जास्त भरलेले आणि टवटवीत दिसले, असे तिथे लिहिले आहे. वजन घटवण्याच्या कार्यक्रमाला ज्या उताऱ्याचे नाव दिले, त्यात तब्येत भरली आहे. गटप्रमुखाने पहिल्याच दिवशी हे सांगितले तर बरेच बिनसणारे टळते. किडकिडीत, रक्त कमी असलेली बाई आणि पोट सुटलेला गृहस्थ एकाच गटात बसू शकतात, आणि दोघांसाठी 'चांगले' म्हणजे वजनाच्या काट्यावर वेगवेगळी दिशा असू शकते.

आता ताट. योजनेचे गणित सोपे आहे. अर्धे ताट पिष्टमय नसलेल्या भाज्या, पाव ताट प्रथिने, पाव ताट अख्खे धान्य किंवा कंद, बाजूला थोडे फळ, प्यायला पाणी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतले ताटही याच वळणाचे आहे, तेव्हा शास्त्र म्हणून इथे भांडण नाही. अडचण आपल्या ताटात आहे. दोन पोळ्या, मूद दोन मूद भात, आमटी आणि कडेला दोन चमचे भाजी, ही आपली सवय. अर्धे ताट भाजीचे करायचे म्हणजे एका माणसाला एका जेवणात साधारण दोन वाट्या शिजलेली भाजी आणि वाटीभर काकडी-गाजर-मुळ्याची कोशिंबीर. चार माणसांच्या घरात दोन जेवणांना दिवसाकाठी दोन-अडीच किलोच्या आसपास भाजी निवडावी लागते. ज्या घरात एकटी बाई हे सगळे करते तिथे योजना आठवड्याभरात मोडते, आणि विश्वासाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. भाजी निवडण्याचे काम पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घेणे हा अभ्यासाचा भाग म्हणून गटात ठरवून घ्या.

दुसरी गडबड ताटाच्या मापाची. अमेरिकेतले हे गणित ९ इंची ताटलीसाठी चालते. आपले जेवणाचे स्टीलचे ताट १२ इंची असते. क्षेत्रफळ काढले तर ते पावणेदोन पटींहून मोठे भरते, म्हणजे पाव ताट भात मोजून घेतला तरी पावणेदोन पट भात पोटात जातो. नाश्त्याची ताटली वापरा, किंवा धान्य वाटीने मोजा: एक मध्यम ज्वारीची भाकरी, नाहीतर एक वाटी शिजलेला भात. दोन्ही नकोत.

तिसरी गडबड, कशाला काय म्हणायचे याची. बटाटा, रताळे, सुरण, कच्चे केळे भाजीच्या अर्ध्या भागात धरले जातात. ते धान्याच्या पाव भागात धरायचे. मटकीची किंवा वाटाण्याची उसळ भाजी म्हणून वाढली जाते. ती प्रथिनांच्या बाजूला. पातळ आमटीला प्रथिन समजून समाधान मानू नये, तिच्यात डाळ थोडी आणि पाणी फार. ६० किलोच्या निरोगी माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम मासळीत २० च्या आसपास, घट्ट उसळीच्या वाटीत ७ ते ९. वसई-उत्तनच्या किनाऱ्यावर बांगडा, बोंबील, मांदेली असताना या योजनेतल्या सामन माशाच्या पाककृतींकडे बघण्याचे कारण नाही. बांगड्यात ओमेगा-३ भरपूर असते. फक्त तो रव्यात घोळवून तेलात बुडवण्याऐवजी तव्यावर कमी तेलात भाजा किंवा तिखलात शिजवा. सुकटाबद्दल आणि खाऱ्या माशांबद्दल अमेरिकन पुस्तकात काही मिळणार नाही, आणि रक्तदाबाच्या लोकांसाठी तोच मुख्य प्रश्न आहे. दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत हवे. सुके मासे कोमट पाण्यात दोनदा भिजवून ते पाणी टाकून दिले आणि रश्शात वरून मीठ घातले नाही, तर आठवड्यातून एखादे वेळी चालवता येतात. रोजचे लोणचे-पापड त्या दिवशी नको.

साखरेचे बहुतेक गणित चहात सुटते. एका कपाला दोन चमचे, दिवसाला चार कप, म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम साखर फक्त चहातून. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी केला तर चार आठवड्यांत बिनसाखरेच्या चहाची जीभ तयार होते. एका दिवसात बंद केला तर बहुतेक जण तिसऱ्या दिवशी परत दोन चमच्यांवर येतात.

इथूनच डिटॉक्सचा मुद्दा येतो. योजनेत १० दिवस साखर, गहू, दूधदुभते, चहा-कॉफी, मद्य आणि कारखान्यात तयार झालेले खाद्यपदार्थ एकदम बंद करायला सांगितले आहे. शरीरातली 'विषे' निघून जातात म्हणून हे करायचे, याला आधार नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडे रोजच करतात. चहा-कॉफी एकदम तोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत डोके ठणकते आणि चिडचीड होते, ती कॅफीन सुटल्याची खूण असते. गटात कोणी तिला 'विष निघते आहे' म्हणाले तर तिथेच थांबवा. पहिल्या आठवड्यात जे दीड-दोन किलो उतरते त्यात बरेचसे पाणी असते. शरीरात साठवलेली पिष्टशर्करा संपते आणि तिच्याबरोबर बांधलेले पाणी निघून जाते. तिसऱ्या आठवड्यात काटा थांबतो आणि प्रार्थना कमी पडली असे वाटून लोक गळतात. हे आधी सांगून ठेवले तर गळती कमी होते.

खरा धोका औषधांचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. चर्चच्या कोणत्याही गटात एखाद-दुसरा जण ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर किंवा इन्सुलिनवर असू शकतो. गोळी तेवढीच आणि भात-पोळी निम्मी झाली की साखर खाली येते: दरदरून घाम, हातांची थरथर, धडधड, बोलण्यात गोंधळ. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचे, आणि त्यानंतर जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या चालू असताना धान्य अगदी तोडले आणि पाणीही कमी प्यायले तर रक्तात आम्ल वाढू शकते, आणि साखरेचा आकडा फार न वाढल्यामुळे ते लवकर ध्यानात येत नाही. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्याने पालेभाजी एकदम दुप्पट केली की औषधाचा परिणाम घटतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाने प्रथिने आणि पोटॅशियम डॉक्टरांना विचारूनच ठरवायचे. गरोदर बाया, दूध पाजणाऱ्या आया आणि पूर्वी खाण्याचा विकार झालेले तरुण-तरुणी यांनी डिटॉक्सच्या वाटेला जाऊ नये. नोंदणीच्या कागदावर औषधांची एक ओळ ठेवा आणि पहिल्या आठवड्याआधी सगळ्यांना आपापल्या डॉक्टरांकडे जाऊन यायला सांगा. एवढे करायची तयारी नसेल तर आहाराचे सत्र घेऊ नये.

पूरक गोळ्यांबद्दल थोडक्यात. योजनेत जीवनसत्त्वांच्या आणि माशाच्या तेलाच्या गोळ्यांना फार उदारपणे जागा दिली आहे. वजनाची 'चमत्कारी' उत्पादने दूरचित्रवाणीवर वाखाणल्याबद्दल डॉ. ऑझ यांना २०१४ मध्ये अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे प्रश्नांना तोंड द्यावे लागले होते, हे ठाऊक असावे. आपल्याकडे ड जीवनसत्त्व, बी-१२ आणि लोह यांची कमतरता खरोखर आढळते. ती रक्त तपासून भरून काढावी. चर्चच्या आवारात कोणीही डबे विकायला बसू नये, मग तो विश्वासू सभासद का असेना.

खाण्याच्या संयमाबद्दल या पुस्तकापेक्षा नेमकी सूचना ख्रिस्ती परंपरेत आधीपासून आहे. संत इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ मध्ये छापलेल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तिकेत खाण्याचे आठ नियम आहेत. त्यातला शेवटचा असा: पुढच्या जेवणात किती खायचे हे भूक नसताना, म्हणजे आधीचे जेवण झाल्यावर ठरवून टाकावे, आणि नंतर कितीही इच्छा झाली तरी ते माप ओलांडू नये. रात्रीचे जेवण उरकल्यावर उद्या दुपारचे ठरवा: भाकरी एक, भात नाही, भाजी दोन वाट्या. कागदावर लिहून फ्रिजला लावा. भुकेच्या तोंडावर निर्णय घ्यायची वेळच येत नाही. प्रोटेस्टंट गटांनीही हा नियम मोकळ्या मनाने घ्यावा.

व्यायामाचे सत्र ठीक आहे. आठवड्याला १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणे, आणि दोन दिवस स्नायूंचे व्यायाम. चर्चच्या हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची नको, डगमगते. लाकडी बाक भिंतीला टेकवून ठेवा आणि हातांचा आधार न घेता उठण्या-बसण्याचे दहाचे दोन फेरे करा. गुडघे दुखणाऱ्यांनी बाकावर उशी ठेवून उंची वाढवावी. चालताना प्रार्थना करायची सूचना चांगली आहे, फक्त मोबाइलवर उपासना ऐकत रस्त्यावरून चालू नका.

मोजमाप मात्र आपल्या मापाने करा. अमेरिकेत शरीरभारांक (बीएमआय) २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे स्थूलता धरतात. भारतीयांत पोटाची चरबी कमी वजनावरच त्रास देते, म्हणून आपल्याकडे २३ आणि २५ धरतात. त्याहून सोपी कमर. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचे वरचे टोक यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, टेप आडवा आणि न आवळता. पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायांत ८० च्या आत हवी. साडीच्या किंवा पँटच्या पट्ट्यावरून मोजू नये, तिथे माप चुकतेच. आणि हे मोजणे आडोशाला, एका विश्वासू बाईने बायांचे, एका पुरुषाने पुरुषांचे. सभेत वजनाचे आकडे वाचून टाळ्या वाजवायची पद्धत काही ठिकाणी पडते. ज्याचा आकडा हलला नाही तो पुढच्या रविवारी येत नाही, कधी कधी उपासनेलाही येत नाही.

मनाच्या सत्राची बाजू सर्वांत कच्ची आहे. मनात आपोआप उठणारे काळे विचार लिहून काढा आणि प्रत्येकाला 'हे खरे आहे का?' असे विचारा, हा सराव उपयोगी आहे. विचार-वर्तन उपचारातही तो असतो. पण हे सत्र डॉ. एमेन यांच्या मेंदूविषयीच्या दाव्यांवर फार टेकलेले आहे, आणि मेंदूतला रक्तप्रवाह दाखवणाऱ्या स्पेक्ट स्कॅनवरून मनोविकारांचे रोजचे निदान करण्याइतका पुरावा नाही, अशी मनोविकारतज्ज्ञांची सर्वसाधारण भूमिका आहे. सत्र संपल्यावर मनात उरते ते असे की विचार बदलले की मन ताळ्यावर येते. नैराश्याने ग्रासलेल्या माणसाला हे ऐकून आपलाच विश्वास कमी पडला असे वाटते, आणि आपल्या मंडळ्यांत ते त्याला आधीच ऐकवले गेलेले असते. एप्रिल २०१३ मध्ये वॉरन दांपत्याचा मुलगा दीर्घ मानसिक आजारानंतर आत्महत्येने गेला. मार्च २०१४ मध्ये त्यांनी कॅथलिक धर्मप्रांताला आणि मानसिक आरोग्याच्या संघटनेला बरोबर घेऊन चर्च आणि मनोविकार या विषयावर मोठी सभा घेतली. त्या सभेमागची समज या सत्रात पोहोचलेली नाही. ती गटप्रमुखाने आणावी.

त्यासाठी १ राजे १९ वाचायला घ्या. एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला दटावत नाही, विचार बदल म्हणत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो. होरेबची वाट आणि देवाशी बोलणे त्यानंतरचे. वाचून झाल्यावर दोन साधे प्रश्न प्रत्येकाने मनाशी, कागदावर सोडवावेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस न वाटणे किती वेळा झाले? उदास किंवा हताश वाटणे किती वेळा झाले? अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळपास रोज ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर डॉक्टरांना भेटायचे. हे निदान नव्हे, पुढे तपासण्याची खूण आहे. बेरीज कितीही असो, जगण्याचा कंटाळा बोलून दाखवणाऱ्याला 'जिवाचे काही करावे असे मनात येते का?' असे थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. 'हो' आले तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी उपचाराला न्या. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ वर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. हा क्रमांक चर्चच्या सूचना फलकावर कायमचा हवा. चालू औषधे प्रार्थनेच्या भरवशावर बंद करू नका, हे व्यासपीठावरून पाळकांनी किंवा फादरांनी स्वतः सांगावे. त्यांनी सांगितलेले आणि गटप्रमुखाने सांगितलेले यात फार फरक पडतो.

आता पाचवा स्तंभ, सोबती, ज्यासाठी हा अभ्यास घ्यावा. एकट्याने करणाऱ्यांपेक्षा गटात करणाऱ्यांचे वजन दुप्पट उतरले, असा सॅडलबॅकचा दावा आहे. तो दुपटीचा आकडा बाजूला ठेवला तरी शेजाऱ्याच्या आधाराने आरोग्य सुधारते याची साक्ष आपल्या घरात आहे. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, बऱ्याचशा निरक्षर, अनेक दलित बायांना शिकवून गावाचे आरोग्य त्यांच्या हाती दिले. त्या बाया तज्ज्ञ म्हणून बाहेरून आल्या नव्हत्या. त्याच विहिरीचे पाणी पिणाऱ्या आणि त्याच चुलीपुढे बसणाऱ्या होत्या, म्हणून त्यांचे ऐकले गेले. दोघांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गटप्रमुख निवडताना जामखेडची ही रीत वापरा. मंडळीतला डॉक्टर प्रमुख करू नका, त्याला शंकानिरसनापुरता बसवा. प्रमुख अशी व्यक्ती हवी जिच्या घरी लोक चहाला सहज जातात.

गट ६ ते १० जणांचा. त्यात दोघादोघांच्या जोड्या, आणि जोडीदाराला आठवड्यात दोनदा फोन. फोनवर वजन विचारायचे नाही. तीन प्रश्न पुरतात: झोप कशी झाली, चालणे झाले का, आणि कशासाठी प्रार्थना करू? नवरा-बायकोची जोडी लावू नका. देखरेख होते, सोबत होत नाही. साहित्य इंग्रजीत आहे आणि उदाहरणे सुपरमार्केटची आहेत, तेव्हा व्हिडिओ पूर्ण दाखवण्यापेक्षा प्रमुखाने आधी बघून मुद्दे मराठीत मांडावेत.

प्रीतिभोजनाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. सहा आठवडे शिकवायचे आणि सणाच्या दिवशी मटण रस्सा, भाताचा डोंगर आणि बुंदी वाढायची, याने शिकवलेले पुसले जाते. मटण राहू द्या, सण आहे. रांगेच्या तोंडाशी सर्वांत मोठ्या पातेल्यात कोशिंबीर ठेवा, मग भाजी, मग रस्सा, भात शेवटी आणि लहान डावाने. लोक पहिल्या दोन पातेल्यांशी ताट भरतात. वसईकडे नाताळात इंद्यालच्या मटणाबरोबर फुग्यांची, म्हणजे तळलेल्या गोल पावांची, टोपली फिरते, ती दुसऱ्यांदा फिरवू नये. सरबताच्या पिंपाशेजारी साध्या पाण्याचे पिंप ठेवा, तेवढ्यानेही बरेच होते.

सुरुवातीला उपवासकाळ सोयीचा. त्यातला पहिला रविवार ते झावळ्यांचा रविवार असे बरोबर सहा रविवार मिळतात आणि सहा सत्रे त्यात बसतात. राखेच्या बुधवारी औषधांचे कागद भरून घ्या आणि कमर मोजा. दुसरे माप पुनरुत्थानाच्या सणानंतर पंधरा दिवसांनी, सणाचे जेवण उतरल्यावर. मधुमेहींनी एचबीए१सी सहा आठवड्यांनी करण्याची घाई करू नये. ती चाचणी मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवते, तेव्हा राखेच्या बुधवारपासून तीन महिने झाल्यावर ती करावी.